गटनायकाचा रोजा

१९८६ चा मे महिना. मी सोळा वर्षांचा, राष्ट्र सेवा दलाच्या उन्हाळी शिबिरात गटनायक. माझ्या गटात दहा-अकरा वर्षांची बारा मुलं. त्यांना पहाटे उठवायचं, श्रमदानाला न्यायचं, पंगतीत वाढायचं आणि सगळ्यांच्या शेवटी आपण जेवायचं.

४ जून १९४१ रोजी एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली दल उभं राहिलं, ते जातधर्म न पाहता मुलामुलींना एकत्र आणण्यासाठी. त्या पंगतीत मला वेगळं पडायचं नव्हतं. पण रमजान सुरू होता. रोजा मी कुणाला सांगितला नाही. शेवटी जेवायचा नियमच कामी आला. ‘नंतर बसतो’ म्हणत दुपार टळायची.

एकदा बौद्धिकात साने गुरुजींची गोष्ट निघाली. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यातच गुरुजींनी उपोषण केलं होतं. बाहेर येताच एका मुलानं हळूच विचारलं, ‘दादा, मग तुझा उपास कशासाठी?’

म्हणजे पोरांना सगळं ठाऊक होतं! मला उत्तर सुचलं नाही.

सूर्य मावळला तेव्हा बाराही जण पाण्याचा तांब्या आणि पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन उभे होते. सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या गटनायकाला त्या संध्याकाळी गटानं आधी खाऊ घातलं.