तारीख ठरलेलं बाळंतपण



गटाच्या बैठकीत कुणा गरोदर बाईला डॉक्टरांनी सिझर सांगितलंय असं कळलं, की एखादी आजी हमखास म्हणते, “आमच्या वेळी कुठं होतं हे? खुरपता खुरपता बाळंत व्हायचो आम्ही.” आजीचं म्हणणं खोटं नाही. पण त्या काळी ज्या बाया अडल्या, त्या आपली गोष्ट सांगायला मागं राहिल्या नाहीत. म्हणून आज आम्ही त्यांच्या बाजूनं हा इतिहास सांगणार आहोत. पहिलटकरणीचं सिझर ठरलं की तिला सांगतात, उपाशी राहा, रक्ताची सोय करा, सही करा, कार्ड जपून ठेवा. यातली एकेक गोष्ट माणसं कशी शिकली हे कळलं, की ती नुसती डॉक्टरांची आज्ञा राहत नाही. मग तयारी करायला मन लागतं.

पोट उघडून बाळ काढण्याची कल्पना फार जुनी आहे. आपल्याकडं सुश्रुतसंहितेत मूढगर्भाचा, म्हणजे अडलेल्या बाळाचा, वेगळा विचार आहे. आई दगावली आणि पोटात बाळ हलताना दिसलं, तर वैद्यानं उशीर न करता पोट उघडून बाळ काढावं, असं त्यात सांगितलं आहे. जुन्या रोमच्या कायद्यातही तसंच होतं. म्हणजे हजारो वर्षं ही शस्त्रक्रिया आई गेल्यावर करायची होती. रोमचा सीझर असाच जन्मला, म्हणून सिझर हे नाव पडलं असं पुष्कळ जण सांगतात. पण सीझरची आई त्याच्या जन्मानंतर कितीतरी वर्षं जिवंत होती, त्यामुळे ती गोष्ट खरी वाटत नाही.

जिवंत बाईचं पोट उघडलं, तर ती वाचत का नव्हती? एक तर भूल नव्हती. दुसरं, गर्भपिशवीला टाके घालत नसत. ती आपोआप आवळते असं डॉक्टर समजत, त्यामुळे बाई रक्त जाऊन मरायची. आणि त्यातून वाचली तर पू होऊन, ताप चढून जायची. १८७६ साली इटलीत पाविया गावी एक पंचविशीतली पहिलटकरीण डॉक्टर पोर्रो यांच्याकडं आली. लहानपणीच्या मुडदुसानं तिचं कमरेचं हाड वाकडं झालं होतं आणि बाळ खाली येणं शक्य नव्हतं. पोर्रो यांनी बाळ काढलं आणि रक्त थांबावं म्हणून गर्भपिशवीच काढून टाकली. आई आणि मुलगी दोघी वाचल्या. पण त्या बाईला पुन्हा मूल होणार नव्हतं.

पुढं सहाच वर्षांनी, १८८२ साली, जर्मनीतल्या सेंगर या डॉक्टरांनी गर्भपिशवीला नीट टाके घालायची पद्धत मांडली. पिशवी राहू लागली, बाया वाचू लागल्या. मग १९२० च्या सुमारास स्कॉटलंडच्या मन्रो कर यांनी पिशवीच्या खालच्या भागात आडवा छेद घ्यायचा आग्रह धरला. उभा छेद पुढच्या खेपेला कळा आल्यावर उसवायचा धोका जास्त. खालचा आडवा छेद त्या मानानं भक्कम भरतो. आज बहुतेक ठिकाणी तोच घेतात. पण पोटावरचा वण आडवा दिसला म्हणून आत पिशवीवरचा छेदही आडवाच असेल, असं नाही. म्हणून दवाखान्यातून निघताना मिळतं ते कार्ड पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाशेजारी ठेवायचं. आत छेद कसा घेतला हे त्यावर लिहिलंय ना, एवढं विचारून घ्यायचं. पुढच्या खेपेला डॉक्टर पहिल्यांदा तेच बघतील. आणि पुढची खेप नॉर्मल होवो की सिझर, ती शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यातच व्हायला हवी.

आता भुलीची गोष्ट. १८४७ साली बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात झाली. बायांचं दुखणं थांबलं, पण नवाच धोका उभा राहिला. बेशुद्धीत पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाई. १९४६ साली न्यूयॉर्कच्या मेंडेलसन या डॉक्टरांनी बाळंतिणींची उदाहरणं देऊन हे दाखवून दिलं. तेव्हापासून शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवण्याला फार महत्त्व आलं. आता बहुतेक सिझर पाठीत सुई देऊन, कमरेखालचा भाग बधिर करून करतात. बाई जागी असते, बाळाचं रडणं ऐकते. तरीही कधी पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून उपास असतोच. साधारणपणे जेवण सहा ते आठ तास आधी बंद करतात, नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण तुमच्या डॉक्टरांनी जी वेळ सांगितली ती पाळा. सासूबाईंनी मायेनं दोन घास भरवले असतील, तर लपवू नका, सरळ सांगा. शस्त्रक्रिया थोडी पुढं ढकलता येते. पाठीतल्या सुईनं कंबर कायमची जाते ही भीती मनातून काढा. नॉर्मल झालेल्या बायांचीही कंबर दुखतेच. मात्र नंतर उठून बसलं की डोकं फार दुखत असेल, तर नर्सताईंना लगेच सांगा.

जंतूंचं आणि रक्ताचंही असंच आहे. १८४७ सालीच व्हिएन्नाच्या सेमेलवाइस या डॉक्टरांनी दाखवलं, की तपासणाऱ्यानं हात नीट धुतले तर बाळंतज्वरानं मरणाऱ्या बाया वाचतात. त्यांचं म्हणणं पुष्कळ वर्षं कुणी मानलं नाही. १९०१ साली लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधून काढले, १९४० च्या दशकात पेनिसिलिन आलं, आणि मग सिझर खऱ्या अर्थानं भरवशाचं झालं. म्हणून आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी साबणानं स्वच्छ अंघोळ करा. घरी वस्तरा फिरवू नका, त्यानं बारीक जखमा होऊन जंतू शिरतात; केस काढायचे असले तर दवाखान्यात काढतील. नखं कापा, नेलपॉलिश पुसा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी काढून आईजवळ किंवा सासूजवळ द्या. हिरवा चुडा काढताना मन कचरतं, पण तो परत घालता येतो.

आता आपल्या मुलखाकडं येऊ. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना बाळंत झाल्या आणि त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. त्यांचा प्रबंध बाळंतपणाच्या शास्त्रावरच होता. त्याच साली मुंबईत बायांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं. शहरात सोय होत गेली, पण खेड्यापर्यंत ती यायला फार वर्षं लागली.

आपल्या नगर जिल्ह्यात ते काम ज्यांनी केलं, त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. डॉक्टर रजनीकांत आरोळे आणि डॉक्टर मेबल आरोळे हे जोडपं आधी नेवासे तालुक्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होतं. तिथं त्यांनी पाहिलं, की रोगी बरा होऊन घरी जातो आणि तेच दुखणं घेऊन परत येतो. दवाखान्यात बसून भागणार नाही, हे ओळखून १९७० साली ते जामखेडला आले. दुष्काळी तालुका, रस्ते नाहीत. त्यांनी गावोगावच्या बाया निवडल्या. बहुतेक जणी निरक्षर, कितीतरी दलित समाजातल्या. त्यांना शिकवून गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या केलं. त्या गरोदर बाईची घरी जाऊन तपासणी करू लागल्या. बाई ठेंगणी आहे का, पहिली खेप आहे का, अंगावर सूज आहे का, डोळे पांढरे पडलेत का, बाळ आडवं आहे का, हे त्या बघत. जिचं बाळंतपण सोपं दिसे तिचं गावातच, उकळलेल्या ब्लेडनं, स्वच्छ दोऱ्यानं होई. जिची शंका येई तिला कळा सुरू व्हायच्या आधीच दवाखान्यात पाठवत. आजची आशाताई जी वही घेऊन फिरते, तिच्यामागं जामखेडसारख्या कामाचा अनुभव आहे. १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांमागे १७६ वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९८८ साली मुक्ताबाई पोळ ही गावची कार्यकर्ती वॉशिंग्टनला मोठ्या परिषदेत बोलली. झुंबर सुंदर असतं पण महाग असतं, आणि साध्या दिव्यानं दुसरा दिवा लावता येतो, असा तिच्या बोलण्याचा आशय होता.

जामखेडनं शिकवलं ते एवढंच, की जीव वाचवायचं निम्मं काम शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर, कित्येक आठवडे आधी होतं. ठरवून केलेलं सिझर म्हणजे त्याच शहाणपणाचं पुढचं पाऊल. वार खाली, पिशवीच्या तोंडावर असली, बाळ आडवं असलं, तर कळांची वाट बघणं धोक्याचं असतं. पायाळू बाळ, जुळी, आईची आजारपणं यात डॉक्टर परिस्थिती बघून ठरवतात.

पण आता दुसरीही बाजू बघायला हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे २००५-०६ साली देशात शंभरातली साडेआठ बाळंतपणं सिझरनं झाली होती. २०१९-२१ मध्ये हा आकडा साडेएकवीसवर गेला, आणि आपल्या महाराष्ट्रात पंचवीसच्या वर. सरकारी दवाखान्यांत शंभरात सुमारे चौदा, तर खासगीत सत्तेचाळीस. एकेकाळी सिझर न मिळाल्यानं बाया मरत होत्या. आज गरज नसताना पोट उघडलं जातंय का, हाही प्रश्न आहे. म्हणून तारीख घेण्याआधी डॉक्टरांना दोन गोष्टी शांतपणे विचारा. सिझर कशासाठी, आणि थांबलं तर काय होईल? यात उद्धटपणा काही नाही. चांगला डॉक्टर समजावून सांगतो. मन भरलं नाही तर फाईल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येते.

तारखेवरून घरात आणखी एक वाद होतो, मुहूर्ताचा. पंचांग बघून चार दिवस मागंपुढं करायला डॉक्टर तयार झाले तर हरकत नाही. पण आई-बाळाला धोका नसेल, तर एकोणचाळीस आठवडे पूर्ण होण्याआधीची तारीख मागू नका. त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची भीती जास्त असते.

आणि सही. “नवरा आल्याशिवाय कागद पुढं सरकत नाही,” असं पुष्कळ जणी सांगतात. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती तिचीच लागते. तिच्या आईनं दिलेलीही चालत नाही. जिवावर बेतलेला प्रसंग तेवढा वेगळा. घरच्यांचा विचार जरूर घ्या, पण कागद तुम्हाला वाचून दाखवायला सांगा आणि सही वा अंगठा तुम्ही करा. सिझरबरोबरच दुसरं काही करणार असतील, तर तेही त्या कागदावर लिहिलेलं असायला हवं.

खर्चाचं म्हणाल, तर २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात सिझर, औषधं, तपासण्या, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. सिझरनंतर सात दिवसांपर्यंत जेवणही मिळतं. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात मात्र भुलीचे डॉक्टर असतीलच असं नाही. त्या तारखेला ते आहेत का, हे आशाताईंकडून आधी कळवून घ्या. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत आहे. तेव्हा माहेरच्या दवाखान्यात शेवटच्या महिन्याआधीच नाव घाला आणि सगळे कागद बरोबर न्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर गोळ्या शेवटच्या आठवड्यात घेऊन भागत नाही, सुरुवातीपासून घ्या. आणि तारखेच्या आधीच कळा आल्या, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर ठरल्या दिवसाची वाट न बघता १०८ ला फोन करा.

शस्त्रक्रियेनंतर बाळाला पहिल्या तासातच छातीशी घ्या. सिझरमुळं दूध येत नाही हे खरं नाही. चीक पाजा, मध-साखर चाटवू नका. दुसऱ्या दिवशी आधार घेऊन चालायला लावतील, दुखलं तरी चाला, पायातल्या रक्ताच्या गाठी टळतात. टाक्यातून पू आला, ताप आला, पिंढरी सुजून दुखली किंवा जास्त अंगावरून गेलं, तर लगेच दवाखाना गाठा. निदान सहा आठवडे जड उचलायचं नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडच्या ज्या मैत्रिणी ऊसतोडीला जातात, त्यांच्यासाठी हे सर्वांत अवघड आहे. कोयता दोघांचा असतो, उचल घेतलेली असते. पण ओल्या टाक्यांवर मोळी डोक्यावर घेणं म्हणजे सेंगर यांनी घातलेल्या टाक्यांवर पाणी सोडणं. इथं एकट्या बाईचं चालत नाही, गटानं पुढं व्हायला हवं. उचलीचा हप्ता पुढं ढकलायला मुकादमाशी बोलणं असो, की गटातून कर्ज देणं असो.

तेव्हा पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला, की आणखी एक पान काढा. गावात कोण गरोदर आहे, तिचा रक्तगट कोणता, रक्त द्यायला कोण येईल, गाडी कुणाची, तिच्या मागं घर आणि जनावरं कोण बघेल, हे लिहा. जामखेडच्या बायांनी हेच काम अक्षर न येता केलं. आपल्या हातात तर वहीही आहे आणि पेनही.