रिक्षाच्या जोरावर चाललेल्या स्कूटर

मुंबईच्या भांडुपमध्ये स्कूटर बनायची, हे आज तिथल्या मॉलमध्ये फिरणाऱ्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. लालबहादूर शास्त्री मार्गाला जुनी माणसं अजून आग्रा रोड म्हणतात. त्याच रस्त्यावर भांडुपमध्ये ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा कारखाना होता, आमच्या तोंडी एपीआय. इटलीच्या इनोसेंटीची लॅम्ब्रेटा इथे तयार व्हायची. टायरची सिएटही भांडुपलाच. याच पट्ट्यात मी वस्तादाच्या हाताखाली पाना धरायला शिकलो आणि पुढे स्वतःचं गॅरेज चालवलं. गाडी पहिली काही वर्षं कारखान्याची असते, त्यानंतर ती गॅरेजची होते. मी सांगणार आहे ते त्या नंतरच्या वर्षांचं.

नवी स्कूटर मिळणं मुळात अवघड होतं. १९६० साली सरकारने स्कूटरच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम काढला. बजाजने पियाजिओशी करार करून वेस्पा बनवायला घेतली, तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून चेतक आली. तरी नंबर लागायला वर्षानुवर्षं जायची. ज्यांच्या घरातलं कुणी परदेशातून परकीय चलनात पैसे भरायचं, त्यांना लवकर मिळायची. बाकीच्यांनी सेकंड हँड घ्यायची, आणि कित्येकदा ती नवीपेक्षा महाग असायची. म्हणजे कांजूरच्या कारखान्यातला फिटर किंवा मुलुंडचा शाळामास्तर जी गाडी घ्यायचा, ती कुणीतरी आधीच दमवलेली असायची. ती तशीच आणखी दहा-पंधरा वर्षं चालवायची जबाबदारी आमच्यावर यायची.

टू-स्ट्रोक इंजिन साधं. व्हॉल्व्ह नाहीत, वेगळं इंजिन ऑइल नाही. पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं आणि त्यावरच पिस्टन, बेअरिंग सगळं जगायचं. त्यातच दुखणीही आली. ऑइल जास्त पडलं की प्लगच्या टोकांमध्ये काजळी अडकायची आणि ठिणगी मरायची. म्हणून डिकीत जास्तीचा प्लग आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवण्याची रीत पडली. ऑइल कमी पडलं तर पिस्टन तापून ब्लॉकमध्ये धरायचा. काजळी सायलेन्सरमध्ये साचत गेली की गाडी चढावर दम टाकायची, आणि गिऱ्हाईक येऊन सांगायचं, ‘मिस्त्री, इंजिन गेलं.’ पुष्कळदा इंजिनाला काहीही झालेलं नसायचं. सायलेन्सर उतरवून, आतलं ऑइल पेटवून, तो लाल होईपर्यंत जाळायचा आणि ठोकून काजळी झाडायची, की गाडी पुन्हा मोकळी.

खरी झीज झाली असेल तर हाफ इंजिन. बजाजचा बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोकही ५७. ब्लॉक लेथवाल्याकडे पाठवायचा, पाव मिलिमीटर मोठा बोअर करून त्या मापाचा पिस्टन आणि रिंग घालायच्या. मग अर्धा, पाऊण, असं करत एक मिलिमीटरपर्यंत. एका ब्लॉकचं आयुष्य असं टप्प्याटप्प्याने वाढवता यायचं. क्रँकचं सील गेलं तर मात्र फुल इंजिन, म्हणजे अख्खं इंजिन खोलायचं. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहतो आणि गिअर ऑइल कमी होत जातं, तेव्हा समजायचं की ऑइल क्रँककेसमध्ये खेचलं जातंय. नुसता धूर बघून बोअर करायला सांगणारे मिस्त्री मला कधी आवडले नाहीत. धुराचा वास घ्यावा, ऑइलची पातळी बघावी, मगच पाना उचलावा.

आता लॅम्ब्रेटा की बजाज, हा वाद. गाडी म्हणून लॅम्ब्रेटा सरस, हे माझं मत आजही कायम आहे. तिचं इंजिन मधोमध आडवं, त्यामुळे तोल उत्तम. बजाजचं इंजिन उजव्या कुशीत, नवशिक्याला ती उजवीकडे ओढतेय असं वाटायचं. पण लॅम्ब्रेटात ताकद साखळीने चाकाला जाते. क्लच बघायचा तर साखळीचं अख्खं झाकण खोला, ऑइल काढा. बजाजला साखळीच नाही. मागचं चाक काढलं की क्लचचं झाकण समोर. फुटपाथवर पोतं अंथरून बसणाऱ्या मिस्त्रीला हा फरक फार मोठा.

तरी उपनगरात बजाज जिंकली त्याचं मोठं कारण माझ्या मते वेगळंच आहे: रिक्षा. मुंबईत रिक्षाला परवानगी वांद्रे आणि शीवच्या पलीकडेच. शहरात टॅक्सी, उपनगरात रिक्षा. बजाजच्या टू-स्ट्रोक रिक्षाचं इंजिन आणि स्कूटरचं इंजिन एकाच घराण्यातलं, १४५.४५ सीसीचं. रिक्षा दिवसभर धावणार, म्हणजे पिस्टन, रिंग, क्लच प्लेट, केबल सतत लागणार. त्यामुळे साकीनाक्यापासून घाटकोपर, मुलुंडपर्यंत प्रत्येक नाक्यावर हे सामान मिळायचं आणि ते बसवणारा हातही मिळायचा. शाळामास्तरांची चेतक स्वस्तात चालायची, कारण तिचा खर्च रिक्षावाल्यांनी आधीच उचललेला असायचा. लॅम्ब्रेटाच्या पाठीशी एवढी मोठी फौज नव्हती. इनोसेंटीने १९७१ मध्ये लॅम्ब्रेटा थांबवली, यंत्रसामग्री लखनौच्या स्कूटर्स इंडियाने घेतली, आणि आमच्या भांडुपच्या गाडीला पुढे ‘लॅम्बी’ हे नाव घ्यावं लागलं.

सुधारणाही आम्ही पुष्कळ केल्या. सगळ्यात मोलाची म्हणजे ठिणगीचे पॉइंट काढून सीडीआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बसवणं. पॉइंटची फट फीलर गेज नसेल तर जाड पुठ्ठ्याने मापायची, कानसून साफ करायची, आणि पावसाळ्यात पुन्हा तेच. नव्या चेतकला इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणि १२ व्होल्ट आल्यावर जुन्या सहा व्होल्टच्या गाड्यांना आम्ही मॅग्नेटो प्लेट, फ्लायव्हील, रेग्युलेटर असा पूर्ण संच चढवू लागलो. एका किकमध्ये सुरू व्हायची आणि हेडलाइटचा उजेड पहिल्यांदाच रस्त्यावर पडायचा. रात्रपाळीवाले खास त्यासाठी यायचे.

२००० नंतर उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे रिक्षा सीएनजीवर जाऊ लागल्या, पुढे फोर-स्ट्रोक आल्या. रिक्षाने टू-स्ट्रोक सोडलं तसं नाक्यावरचं सामान आटलं. मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. पाणी उतरल्यावर गॅरेजपुढे ढकलत आणलेल्या गाड्यांची रांग लागली. पाणी भरलेल्या गाडीला आधी किक मारायची नाही. प्लग काढायचा, गाडी आडवी करायची, मग हलक्या किकने पाणी बाहेर फेकायचं, पेट्रोलने धुवायचं, ऑइल सोडायचं. गिअर ऑइल दुधासारखं पांढरं निघायचं. जे दोन-तीन दिवस थांबले त्यांच्या बेअरिंगला गंज चढला. पुष्कळांनी तेव्हाच भंगारवाल्याला हाक मारली. पुढच्या वर्षापर्यंत चेतकचं उत्पादनही थांबलं.

आता जुन्या गाड्या हौशी तरुण आणतात. त्यांना मी इंजिनाआधी पाय ठेवायचा पत्रा दाखवतो. बजाजचा पत्रा हीच तिची चासी. तो सडला की गाडीचा कणाच गेला, वरून कितीही पेंट मारा. लॅम्ब्रेटाला आत पोलादी पाइप आहे, पत्रा नवा बसवता येतो. तिचे भागही मिळतात, कारण ब्रिटन-इटलीतल्या शौकिनांसाठी ते आपल्याकडे बनतात. म्हणून कुणी विचारलं तर आज मी लॅम्ब्रेटाच घ्या म्हणतो, फक्त साखळीचं झाकण नीट बांधणारा मिस्त्री आधी शोधा.