म्हाताऱ्या गाडीचे नवे जोडे

२०२१ च्या ऑक्टोबरात इटलीतल्या कोमो सरोवराकाठी जुन्या गाड्यांचा एक सोहळा भरला होता. तिथे एक पिवळीधमक लॅम्बोर्गिनी उभी होती, काउंटाश एलपी ५००. मूळ गाडी १९७१ च्या जिनिव्हा प्रदर्शनात पहिल्यांदा दिसली आणि १९७४ मध्ये इंग्लंडात अपघाताच्या चाचणीत आपटून संपली. एकच होती, तीही गेली. पुढे एका संग्राहकाने कंपनीला सांगितलं, मला ती पुन्हा करून द्या. कंपनीने जुने फोटो, आराखडे, बैठकांची टिपणं असं मिळेल ते बाहेर काढलं आणि पंचवीस हजार तास खपून गाडी पुन्हा उभी केली.

इथवर सगळं श्रीमंतांच्या हौसेत मोडतं. मला खरी गंमत वाटली ती टायरची. १४ इंची रिम, पुढे २४५/६०, मागे २६५/६०. हे माप आज नाक्यावरच्या टायरवाल्याकडे सोडाच, मोठ्या दुकानांतही मिळणार नाही. पिरेलीने आपल्या दप्तरखान्यातून 'सिंतुरातो सीएन १२' या जुन्या टायरची चित्रं शोधली आणि तीच नक्षी असलेला, पण आतून आजच्या रबराचा टायर ओतला. एका गाडीसाठी!

मंडळी, तुम्ही म्हणाल, एवढा आटापिटा कशाला? चार काळी वर्तुळं तर लावायची. आमच्या घरीही हीच प्रतिक्रिया होती. पण जुनी स्पोर्ट्स कार घेतलेल्या माणसाला विचारा. इंजिन उघडून बसवता येतं, पत्रा ठोकता येतो, सीटचं चामडं शिवून घेता येतं. टायर मात्र दुरुस्त होत नाही. तो वापरला तर झिजतो आणि न वापरता ठेवला तर आतून म्हातारा होतो. शिवाय गाडी मुळात त्या टायरवरच बेतलेली असते.

हे बेतणं म्हणजे काय, ते जरा मागे जाऊन पाहू. जुन्या क्रॉसप्लाय टायरमध्ये दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरके छेदत असत. वळणावर बाजूची भिंत वाकली की तिच्याबरोबर रस्त्याला टेकलेला भागही मुरडायचा. मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेतलं आणि १९४९ मध्ये 'एक्स' नावाने रेडियल टायर बाजारात आणला. त्यात दोरे या काठापासून त्या काठापर्यंत आडवे सरळ, आणि नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा. भिंत वाकली तरी रस्त्यावरची पावली सपाट राहते. पिरेलीचा 'सिंतुरातो' त्यानंतर आला. इटालियनमध्ये 'चिंतुरा' म्हणजे कंबरपट्टा. म्हणजे खरा उच्चार 'चिंतुरातो' व्हायला हवा, पण आपल्याकडे कोण म्हणतंय! (इटालियन टायरवरून आठवलं, आपली भांडुपची सिएट. त्या नावातला शेवटचा 'टी' म्हणजे तोरिनो शहर. कंपनी मूळची तिथली, १९२४ सालची. भांडुपला कित्येक वर्षं राहिलेल्या आमच्या आत्याला हे अजून पटलेलं नाही.)

रेडियल आले तरी ते उंच आणि अरुंद होते. १९७० च्या दशकात लान्चिया कंपनी 'स्ट्रॅटॉस' नावाची रॅलीची गाडी पळवत होती. तिची ताकद पेलेल असा रुंद रेडियल तिला हवा होता. त्यातून पिरेलीचा पी ७ जन्मला. पोलादी पट्ट्यांच्या वर, चाकाच्या फिरण्याच्या दिशेने नायलॉनचा आणखी एक वेढा दिला की वेगात टायर फुगून आकार सोडत नाही. मग भिंत ठेंगणी करता येते आणि टायर रुंद. रॅलीतला हा टायर लवकरच रस्त्यावरच्या पोर्शे ९११ टर्बोला लागला. सोळा इंची रिमवर पुढे २०५/५५, मागे २२५/५०.

यातलं पहिलं माप लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काउंटाशचीही गोष्ट तशीच. विक्रीला आलेली पहिली काउंटाश १४ इंची रिमवर, मिशेलिनच्या ७० टक्के उंचीच्या टायरवर धावायची. वॉल्टर वुल्फ नावाच्या कॅनडातल्या धनिकाला आपल्या गाडीला पी ७ हवे होते. टायर बदलले आणि तेवढ्यावर भागलं नाही, सस्पेन्शनच नव्याने आखावं लागलं. त्यातून १९७८ मध्ये एलपी ४०० एस हे मॉडेल आलं. मागचा टायर ३४५/३५, रिम १५ इंची. म्हणजे रुंदी वीतभराहून कितीतरी जास्त, साडेचौतीस सेंटिमीटर, आणि भिंत जेमतेम बारा. गाडी वळणावर रस्त्याला चिकटून राहू लागली, पण एवढ्या रुंद टायरमुळे सरळ रस्त्यावरचा कमाल वेग मात्र उलट घटला. त्या काळच्या मुलांच्या भिंतीवर जी काउंटाश चिकटवलेली असायची ना, तिचं ते पसरलेलं ढुंगण या टायरमुळे आहे.

आता या मापाची पंचाईत बघा. काउंटाश १९९० पर्यंत बनली, एकूण दोन हजारांच्याही आत. पुढे सगळ्या जगाचे रिम मोठे होत गेले, १७, १८, २०, २१ इंच. ज्या कारखान्यात दिवसाला हजारो टायर निघतात, तिथे एवढ्याशा गाड्यांसाठी साचा कोण चढवणार? म्हणून जुन्या वेगवान गाड्यांना कित्येक वर्षं चांगले टायरच मिळत नसत. मिळत ते साध्या गाड्यांच्या प्रतीचे, किंवा कुणाच्या गोदामात पंधरा वर्षं पडलेले 'नवेकोरे'. मग जुन्या गाड्यांना सोन्याचा भाव आला आणि कंपन्यांना एकदम आपल्या वारशाची आठवण झाली. पिरेलीने, मिशेलिनने जुन्या नक्ष्या पुन्हा काढल्या. मी यात त्यांना नावं ठेवत नाही. भावना आणि धंदा एका ताटात जेवू शकतात.

सगळ्यात फसले ते मिशेलिनच्या टीआरएक्सवाले. १९७० च्या दशकाच्या मध्यावर मिशेलिनने ठरवलं की टायर आणि रिम यांचा विचार एकत्रच व्हायला हवा. तांत्रिकदृष्ट्या बरोबरच होतं ते. रिमच्या काठाचा आकार बदलला आणि इंच सोडून मिलिमीटर घेतले, ३६५, ३९०, ४१५. फेरारी, बीएमडब्ल्यू, सित्रोएन, सगळ्यांनी त्यांचा वापर केला. पण ३९० मिलिमीटर म्हणजे १५.३५ इंच. त्यावर ना १५ चा टायर बसतो, ना १६ चा. ओढूनताणून बसवू म्हटलं तर काठ रिमवर धरत नाही, चालत्या गाडीत निसटायची भीती. पुढे ती पद्धत मागे पडली आणि गाड्या तशाच राहिल्या. आज अशा मालकापुढे दोनच वाटा. मिशेलिनने क्लासिक म्हणून पुन्हा काढलेले महागडे टीआरएक्स घ्या, नाहीतर चारही रिम बदला आणि गाडीचा मूळ चेहरा गमवा. मला विचाराल तर रोज चालवायची असेल तर रिम बदलावेत आणि जुने रिम माळ्यावर जपून ठेवावेत. पण मला कोण विचारतंय?

तर खरंच एकाने विचारलं. आमच्या ताईचा मुलगा श्टुटगार्टजवळ असतो. त्याने १९८० च्या दशकातली पोर्शे ९४४ घेतली. (ताई, तू हे वाचते आहेस हे मला ठाऊक आहे. गाडी त्याच्या पैशाची आहे.) सोळा इंची चाकं, पुढे २०५/५५, मागे २२५/५०. म्हणजे वर सांगितलेलं टर्बोचंच माप. फोनवर म्हणाला, "मामा, टायर मस्त आहेत, नक्षी अगदी खोल आहे. फक्त चौदा वर्षांचे आहेत." आणि मागच्या त्या इवल्याशा सीटवर त्याच्या दोन्ही मुली बसतात.

मी त्याला बसची गोष्ट सांगितली. सप्टेंबर २०१२. इंग्लंडमधल्या एका संगीत महोत्सवाहून तरुण मुलांना घेऊन बस परतत होती. सरी परगण्यात तिचा पुढचा टायर फुटला आणि बस झाडावर गेली. तिघं गेले. टायरवर नक्षी शिल्लक होती, कायद्याने त्यात काही खोट नव्हती. पण तो एकोणीस वर्षांचा होता. गेलेल्यांपैकी एक मुलगा अठरा वर्षांचा होता. टायर मुलापेक्षा मोठा! त्या मुलाची आई कायद्यासाठी वर्षानुवर्षं सरकारशी भांडली. १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये लॉरी आणि बसच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांहून जुने टायर लावायला बंदी आली. खाजगी मोटारींना मात्र हा नियम लागू नाही.

रबर म्हातारं होतं म्हणजे काय, तर हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन त्याला कडक करत जातात, त्याची लवचीकता जाते. रबर वाचवायला त्यात मिसळलेली द्रव्यं टायर फिरत असताना हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. महिनोन्महिने उभ्या गाडीत तेही होत नाही. म्हणजे जी गाडी जपून, झाकून, वर्षातून चारदा बाहेर काढली जाते तिचेच टायर दिसायला सुरेख आणि आतून कुरकुरीत. स्पोर्ट्स कार बहुधा अशाच वापरल्या जातात.

३० नोव्हेंबर २०१३ ला कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र रॉजर रोडास ज्या पोर्शे कॅरेरा जीटीमध्ये गेले, त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते. तपासात कारण म्हणून वेगच नोंदला गेला. ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ताशी १३० ते १५० च्या घरात होती. सगळा दोष टायरवर ढकलणं खोटं होईल. पण टायरचं वय तपास करणाऱ्यांनी नोंदवलं, आणि त्याने गाडीच्या पकडीवर परिणाम झाला असू शकतो असंही म्हटलं. ६१२ अश्वशक्तीची गाडी, घसरली तर सावरून घेणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. तिथे रबर हाच काय तो आधार.

याच गाडीची दुसरी नोंद त्यापुढे ठेवून बघा. नवी असताना जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर तिने ७ मिनिटं २८ सेकंदांच्या आसपास फेरी मारली होती. २०२४ मध्ये मिशेलिनने तिच्यासाठी मुद्दाम केलेले आजचे टायर चढवून योर्ग बर्गमाइस्टरने ७ मिनिटं १२.६९ सेकंदांत फेरी पुरी केली. वीस वर्षं जुनी गाडी, आणि तरी सोळाएक सेकंद वाचले.

यावरून कुणी असं समजू नये की चिकटातला चिकट टायर लावला की झालं. कॅरेरा जीटीला तो टायर कंपनीने बसून, तिच्यासाठी जुळवून दिला. १९६० च्या दशकातली गाडी वळणावर थोडी सरकते, चालवणाऱ्याला आधी सूचना देते आणि मग घसरते. तिचं सस्पेन्शन त्याच हिशोबाने केलेलं असतं. तिला आजच्या रेसचे टायर घातले तर ती शेवटपर्यंत काही बोलत नाही आणि मग एकदम सुटते. वर बेअरिंगवर, सस्पेन्शनच्या जोडांवर जास्तीचा ताण. म्हणून पोर्शे काही टायरांवर 'एन' अक्षर उमटवते. एन ० म्हणजे त्या टायरची मंजूर झालेली पहिली आवृत्ती, एन १ म्हणजे सुधारलेली पुढची. पुढे एक आणि मागे दुसरी आवृत्ती लावू नका असंही सांगते. यात जोडीने टायर विकायचा डाव नाही का, असं भाच्याने विचारलं. असेलही. पण मागे इंजिन असलेल्या ९११ मध्ये पुढची पकड मागच्यापेक्षा चांगली झाली तर वळणात पाय काढताक्षणी शेपूट पुढे यायला बघते, हेही खरं.

भाच्याच्या मापाची आणखी एक गंमत. २०५/५५ सोळा, जे एके काळी टर्बोचं मिरवायचं माप होतं, ते आता अगदी घरगुती झालंय. औरंगाबादच्या (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) कारखान्यात जोडलेल्या स्कोडा लॉराला हेच माप होतं. म्हणजे टायर ढिगाने मिळतात. पण ते केलेले असतात शांत चालावेत, पेट्रोल वाचावं म्हणून. शिवाय अक्षरांची एक मेख आहे. जुन्या टायरवर मापाच्या मधोमध 'व्हीआर' असे, त्याचा अर्थ २१० च्या वर कितीही. आजच्या 'व्ही'चा अर्थ २४० पर्यंतच, 'डब्ल्यू'चा २७०. अक्षर तेच बघून घेतलं तर वेगवान गाडीला कमी कुवतीचा टायर लागू शकतो. जर्मनीत काही हमरस्त्यांवर वेगमर्यादाच नाही, तिथे हा शब्दच्छल राहत नाही. आणि २२५/५० सोळा हे मागचं माप तेवढं सहज मिळत नाही, म्हणून आधी मागची जोडी ठरवायची आणि मग त्याच बनावटीची पुढची शोधायची.

तुमच्या गाडीच्या टायरवरही बघा. डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालच्या आधीचा. कधीकधी आकडे आतल्या बाजूला असतात, मग गाडीखाली वाकावं लागतं.

भाच्याने महिनाभर यादी केली. आज ओतलेले पण जुन्या पी ७ च्या चेहऱ्याचे टायर घ्यावेत की साधे आधुनिक, यावर त्याचे आणि बायकोचे दोन तट पडले. शेवटी जुन्या चेहऱ्याचे घेतले, दोन्ही जोड्या एकाच बनावटीच्या, सहा महिन्यांच्या आतले. जुने उतरवले तेव्हा मेकॅनिकने एक दोन्ही हातांनी दाबून दाखवला. नक्षीच्या खाचांच्या तळाशी बारीक भेगा उघडल्या, कोरड्या तळ्यातल्या मातीसारख्या. त्याचा फोटो त्याने मला पाठवलाय. ताईला नाही पाठवला.