बांबूचं बेट कोणी राखायचं?

१८७८ चा वन कायदा होण्याआधी इंग्रज सरकारच्या अधिकाऱ्यांमध्येच मोठा वाद झाला. जंगल पूर्णपणे सरकारच्या मालकीचं असावं आणि गावकऱ्यांना मिळेल ती निव्वळ सवलत, असा बेडन-पॉवेल यांचा आग्रह. काही जंगल गावांकडेच असावं, असं डीट्रिच ब्रँडिस यांचं म्हणणं. बेडन-पॉवेल यांचं चाललं. गावकऱ्याला विश्वासात घेतलं तर जंगल अधिक सहज राखता येईल, हे पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या कायद्याला विरोध करताना मांडलं होतं. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनीही वनखात्याने गुरांची चराई तोडल्याबद्दल सरकारला धारेवर धरलं. निसर्ग राखून विकास कसा करायचा, हा आजचा वाद त्याच घराण्यातला आहे. किती तोडायचं यापेक्षा ते कोणी ठरवायचं, हा त्यातला खरा प्रश्न आहे, असं मला वाटतं. बांबूचा इतिहास तेच सांगतो.

स्वातंत्र्यानंतर जंगलाचा अर्थ उद्योगाला कच्चा माल असा झाला. कर्नाटकात कागद कारखान्याला बांबू टनाला अवघ्या दीड रुपयाने मिळत असे. बुरुडाला मात्र तोच बाजारभावाने घ्यावा लागे. बांबू संपत चालला तेव्हा दोष गावकऱ्यांवर आणि त्यांच्या गुरांवर आला. १९७५ च्या सुमारास परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष बेटं तपासली, तेव्हा वेगळंच दिसलं. तोडणी सोपी व्हावी म्हणून बेटाच्या बुडाची काटेरी जाळी साफ केली जाई आणि उघडे पडलेले कोवळे कोंब जनावरं खाऊन टाकत. नवा बांबू वरच येईना. पण इतक्या स्वस्तात मिळणारा माल जपून वापरण्याची कारखान्याला गरजच काय होती? इथला संपला की पुढचं जंगल होतंच.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने दुसरी वाट धरली. गावाचे निर्णय सर्वसहमतीने घ्यायचे, हा शिरस्ता गावचे कार्यकर्ते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी आधीच घालून घेतला होता. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनउपज ठरवलं आणि २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरीही वाहतूक परवाना वनखात्याच्याच हातात राहिला, कारण १९२७ च्या वन कायद्यात बांबू २०१७ पर्यंत वृक्षांत मोडत असे. हक्क गावाचा, पण बांबू विकता येईना! अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले.

सरकारी राखणीमुळेच बरंच जंगल नांगराखाली जायचं वाचलं, असा आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. पण ज्या खात्याने नांगर थोपवला, त्याच्याच करारांनी कारखान्याला जंगलात आणलं. ग्रामसभाही पैशाच्या मोहात पडेल, हा दुसरा आक्षेप. पडू शकते, तेंदूपानाचा ठेकेदार गावातही वजन राखून असतो. फरक इतकाच की बेट उजाड झालं तर पुढच्या हंगामाची मजुरी त्याच गावाची बुडते आणि जाब विचारणारे सभेतच बसलेले असतात. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता समित्या नेमायला सांगितल्या, पण निर्णयांचा खरा ताबा त्यांच्याकडे सोपवला नाही. म्हणूनच त्यांतल्या कित्येक कागदावरच राहिल्या.