सभेत वाचलेले गद्य

मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने १८४८ साली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. सभासदांपैकी एकाने आपले लिखाण आणून वाचावे, इतरांनी ते ऐकावे आणि त्यावर चर्चा करावी, हे तिचे मुख्य काम होते. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांच्यापर्यंतही ही चर्चा पोचावी म्हणून त्याच वर्षी मराठी व गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक सभा तिला जोडण्यात आल्या आणि मराठी सभेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे आले.

सभेत वाचल्या जाणाऱ्या लिखाणाला ‘निबंध’ म्हणत. हा शब्द जुनाच. परंतु तोवर त्याचा अर्थ धर्मशास्त्रातील वचने विषयवार एकत्र करून निर्णय सांगणारा ग्रंथ असा होता, आणि कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. सभेतल्या निबंधाला वचनांचा असा आधार नव्हता. त्यात एक माणूस आपल्या नावाने आपले मत मांडी आणि समोर बसलेल्यांना ते कारणे देऊन पटवी. आधुनिक मराठी गद्याची घडण सांगताना छापखाना आणि शालेय पुस्तके यांना मिळणारे श्रेय रास्त आहे, पण या वाचनालाही त्यात मोठा वाटा द्यावा लागतो. कारण ऐकणाऱ्याला मागचे पान उलटून पाहता येत नाही, म्हणून मुद्दा पुन्हा सांगणे, शंका स्वतःच उपस्थित करून तिचे निरसन करणे आणि ओळखीचे दृष्टांत देणे या सवयी लेखकाच्या हाताला लागतात.

ऐकलेले लिखाण ऐकण्यावरच थांबत नसे. बेहरामजी गांधी या सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला, त्यावर वाद झाला आणि नुसते बोलून काय उपयोग, असा प्रश्न पुढे आला. परिणामी १८४९ साली सभासदांनी मुलींच्या शाळा उघडल्या. दादाभाई नौरोजी आणि त्यांचे सहकारी सकाळच्या वेळी विनावेतन शिकवीत. पहिल्या विद्यार्थिनी ४४ पारशी व २४ हिंदू होत्या. एका निबंधाच्या वाचनातून इतके मोठे काम उभे राहिले, ही या सभेची सर्वांत अभिमानास्पद गोष्ट होय.

धर्म आणि राजकारण हे विषय मात्र सोसायटीने वर्ज्य मानले होते. त्यांपैकी धर्माची उणीव १८४९ मध्ये सुरू झालेल्या परमहंस सभेने भरून काढली. जातिभेद व मूर्तिपूजा न मानणाऱ्यांची ही गुप्त मंडळी होती आणि तिच्या संस्थापकांतही दादोबा होतेच. त्यांचे ‘धर्मविवेचन’ हे पुस्तक १८४३ मध्ये लिहून झाले असले तरी छापले गेले १८६८ मध्ये. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांचे कागद बाहेर फुटले आणि ती सभा मोडली. एकाच माणसाचे एक लिखाण भरसभेत वाचले जाई आणि दुसरे पंचवीस वर्षे झाकून राही, इतके अंतर त्या काळी दोन विषयांत होते.

ज्ञानप्रसारक सभेतील निबंधांना छापील रूप देणारे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक १८५० मध्ये निघाले. मूळचे गोमंतकातील गोविंद नारायण माडगावकर हे या सभेचे अत्यंत उत्साही निबंधवाचक. १८६३ साली निघालेल्या त्यांच्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात पेठा, देवळे, धंदे, सण आणि माणसे यांची जी दाटी आहे, तिच्यामागे श्रोत्याला बोट धरून गल्लीगल्लीतून नेणारा सभेतला सराव स्पष्ट जाणवतो.

छापण्याची गरज किती होती, हे सभेपासून दूरच्या दिंडोशीसारख्या गावाकडून पाहिले की ध्यानात येते. महापालिकेची हद्द १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत वाढल्यावर मुंबईत आलेले हे गाव सभेच्या काळी ठाणे जिल्ह्यातील साष्टी बेटात होते. माहीम आणि वांद्रे यांना जोडणारा रस्ता १८४५ मध्ये झाला होता खरा, तरी दिंडोशीहून मुंबईच्या कोटापर्यंतची वाट पंचवीस-तीस किलोमीटरची. संध्याकाळचा निबंध ऐकून त्याच रात्री घरी परतणे शक्य नव्हते. साष्टीतल्या वाचकाला सभा भेटण्याचा मार्ग म्हणजे मासिकाचा अंक. पुढे १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेला गाडी धावू लागली आणि तिच्या थांब्यांत दिंडोशीच्या जवळचे पहाडी, म्हणजे आजचे गोरेगाव, हे स्थानक होते. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ त्याच वर्षी बंद पडले.