रुमालाखालचा भाव

आमच्या घरापासून द्वारका चौक चालत दहा मिनिटांवर. मुंबई-आग्रा रस्ता आणि पुण्याचा रस्ता इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे गर्दी आणि हॉर्न यांची कमतरता नाही. काही वर्षांपूर्वी, फेब्रुवारी महिन्यात, माझे दिंडोरीकडचे मामा चौकापासून थोड्या अंतरावर द्राक्षं घेऊन बसले. अवकाळी पावसाने मणी तडकले होते. निर्यातीचा व्यापारी माल बघून परत गेला. बाग विकली जाईना आणि सोसायटीचं कर्ज तर डोक्यावर. मग काय, मामांनी पिकअप काढली, क्रेट भरले आणि आयुष्यात पहिल्यांदा 'दुकानदार' झाले.

पहिले तीन दिवस गिऱ्हाईक फिरकेना. म्हणजे थांबायचे, बघायचे आणि पुढे जायचे. मी संध्याकाळी ऑफिसातून येताना डोकावायचो. मामांनी वर हिरवी ताडपत्री बांधली होती. सगळेच बांधतात. हिरव्या उजेडात द्राक्षं कशी टवटवीत दिसतात! क्रेटमध्ये वरती चांगले घड, खाली तडकलेले. काटा स्वतःकडे तोंड करून ठेवलेला. भावाची पाटी नाही, कारण "माणूस बघून भाव सांगावा लागतो". हे सगळं त्यांनी शेजारच्या गाड्यांवर बघून उचललेलं. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. कारण याच गोष्टींनी मामांच्या आज्या-पणज्यांना बाजारात नाडलं होतं.

जुन्या बाजारात सौदा कसा व्हायचा, ठाऊक आहे का? आडत्या आणि खरेदीदार हातावर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे. माल ज्याचा, तो शेतकरी शेजारी उभा, पण भाव त्याला शेवटी कळायचा. मग पट्टीत आडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशा कपाती. शिवाय 'नमुना' म्हणून मूठ-मूठ माल जायचा तो वेगळाच. वजनं कोणती खरी आणि कोणती खोटी, हे विचारायची सोय नाही.

यावरचा पहिला सरकारी इलाज आपल्याच महाराष्ट्रातला. वऱ्हाडातल्या कारंज्याला (आजचा वाशीम जिल्हा) १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला असा पहिला बाजार म्हणून त्याचंच नाव घेतात. १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. मुंबई प्रांतात १९२७ चा कापूस बाजार कायदा झाला. १९२८ मध्ये शेतीविषयक रॉयल कमिशनने बाजारातल्या या लबाड्यांवर बोट ठेवलं आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मग १९३९ चा कायदा आणि पुढे राज्य झाल्यावर १९६३ चा, ज्यातून आजच्या बाजार समित्या चालतात. नावं कितीही बदलली तरी गाभा एकच: लिलाव उघडा करा, काटा उघड्यावर ठेवा, कपाती ठरवून द्या. थोडक्यात, तो रुमाल काढा.

वजनांचंही तसंच. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि पुढच्या काही वर्षांत शेर गेला. आपण अजून 'पाव किलो' म्हणतो, त्यातला पाव त्या पावशेराचा वंशज! पण मुंबईपासून चांद्यापर्यंत किलो एकच झाला, ही लहान गोष्ट नव्हती.

अर्थात काटा खरा झाला म्हणून भाव परवडेलच असं नाही. १९८० मध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसाच्या भावासाठी रस्ते अडवले ते म्हणूनच. समित्यांमध्येही पुढे परवान्यांची मक्तेदारी आली, अशी ओरड होतीच. २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला नियमनातून मोकळा केला, म्हणजे समितीच्या आवाराबाहेरही विकायला वाट झाली. त्याच सुमारास पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांची मोहीम काढली. शेतकरी आणि गिऱ्हाईक समोरासमोर आले.

आणि समोरासमोर आल्यावर माझ्या मामांनी काय केलं? रुमाल स्वतःच हातात घेतला!

हे सगळं मी त्यांना एका संध्याकाळी ऐकवलं. ते म्हणाले, "तुझा इतिहास खाऊन पोट भरतंय का?" खरं होतं ते. मामी मात्र गप्प बसून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी तिने हिरवी ताडपत्री सोडवून जुनं पांढरं धोतर ताणून बांधलं. क्रेट उपसून तीन ढीग केले: अख्खे घड, सुटे मणी आणि तडकलेले. तडकलेल्यांवर पुठ्ठ्याची पाटी लावली, 'रसासाठी, आजच वापरा'. तिन्ही भाव मोठ्या अक्षरात लिहिले. काटा गिऱ्हाइकाकडे वळवला. एका ताटलीत चाखायला मणी ठेवले.

चमत्कार वगैरे झाला नाही. पांढऱ्या उजेडात द्राक्षं जरा फिकी दिसत होती आणि पहिल्या दिवशी विक्री आदल्या दिवसाइतकीच झाली. पण चौथ्या दिवशी एक बाई परत आल्या, बरोबर शेजारणीला घेऊन. म्हणाल्या, "काल इथे दिसली तशीच घरी निघाली." तडकलेली तर ज्यूसवाल्याने क्रेटच्या क्रेट उचलली. हंगाम संपता संपता सोसायटीचा हप्ता निघाला. सगळं कर्ज नाही, एक हप्ता.

मामा आता दर वर्षी थोडा माल स्वतः विकतात. मात्र ती पांढऱ्या कापडाची कल्पना आपलीच होती असं ते सगळ्यांना सांगतात. मामी काही बोलत नाही, नुसती माझ्याकडे बघून हसते.

असो. पुढच्या वेळी रस्त्याकडेला फळं घ्यायला थांबलात तर आधी वर बघा, ताडपत्री कुठल्या रंगाची आहे ते.