दम्याच्या बेडक्यात काय दिसले?

घरात कोणी दमेकरी असेल, तर त्याची रात्र कशी जाते हे तुम्हांला सांगायला नको. पहाटेच्या सुमाराला धाप लागते, छातीत घरघर सुरू होते. माणूस उठून बसतो, मांडीवर उशी घेऊन पुढे वाकतो. शेवटी एखादा चिकट बेडका पडला, की जरा हुश्श वाटते. बेडका तस्तात जातो आणि सकाळी तस्त धुऊन निघते. पण वाचकहो, दम्याचे निम्मे गुपित त्या तस्तातच होते, असे म्हटले तर तुम्हांला खरे वाटेल काय?

बसले की बरे वाटते, ही खूण फार जुनी. चरकसंहितेत श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतला तमकश्वास तो आपला दमा. आडवे होताच त्रास वाढतो, आभाळ भरून आले किंवा गारठा पडला की विकार उसळतो, हे सारे तेथे नमूद आहे. निरीक्षण पक्के होते. पण आत नेमके काय बिघडते, हे पाहायला साधन नव्हते.

इंग्लंडात १८६० साली हेन्री हाइड सॉल्टर ह्या डॉक्टरांनी दम्यावर मोठा ग्रंथ लिहिला. गृहस्थ स्वतःच दमेकरी. श्वासनलिकांभोवतीचे स्नायू आवळतात म्हणून श्वास कोंडतो, असे त्यांचे म्हणणे. आणि झटका आला की कडक काळी कॉफी घ्या, हा त्यांचा सल्ला. मत चुकीचे नव्हते. पुढे ॲड्रिनॅलिन आले, एफेड्रिन आले, १९६९ साली सालब्युटामॉलचा पंप आला. औषधे बदलली, पण काम एकच : आवळलेले स्नायू सैल करायचे. ते सैल झाले म्हणजे दुखणे सरले, असा समज मग घरोघर रुजला.

इकडे पुरावा मात्र आणखी काही सांगत होता. १९६० साली ऑक्सफर्डच्या डॉ. डनिल यांनी दम्याने दगावलेल्या रोग्यांच्या फुप्फुसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नळ्या चिकट कफाने बुजलेल्या, आणि आतले अस्तर जागोजागी सोलून निघालेले! दोनच वर्षांनी, १९६२ साली, डॉ. नेलर यांनी बेडक्यात काय सापडते ते मांडले. त्यात अस्तराच्या पेशींचे पुंजकेच्या पुंजके होते. कित्येकांवरची बारीक लव अजून शाबूत होती. नवख्या नजरेला हे पुंजके कर्करोगाच्या पेशींसारखेही भासत. म्हणजे बघा, रोगी नुसता कफ थुंकत नव्हता, तर आपल्याच श्वासनलिकेचा गिलावा थुंकत होता.

आता हा गिलावा कशासाठी असतो? आत आलेली धूळ आणि जंतू कफात अडकतात व पेशींवरची लव तो कफ वर लोटते. अस्तर गळाले की भिंत उघडी पडते. धूळ, परागकण, विषाणू यांना वाट मोकळी होते आणि दाह वाढतो. हे अस्तर कोण सोलते? अमेरिकेत डॉ. ग्लाइश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास दाखवले, की इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींतले एक प्रथिन अस्तराला इजा करते. पण शेजारच्या दोन पेशींतली एक टिकते आणि एक गळते, ती का?

येथे पेशीच्या पोटापाण्याचा प्रश्न येतो. जवळजवळ प्रत्येक पेशीत तंतुकणिका नावाच्या चिमुकल्या भट्ट्या असतात. अन्न आणि प्राणवायू वापरून त्या शक्ती तयार करतात. त्या शक्तीवर लव हलते, डागडुजी होते. २००८ साली दिल्लीच्या जीनोमिक्स व समवेत जीवविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी, ॲलर्जीचा दमा जडवलेल्या उंदरांत ह्या भट्ट्याच बिघडलेल्या असतात, हे दाखवले. पुढे २०१४ साली त्याच संस्थेतून आणखी नवल कळले : मूळपेशी आपल्या तंतुकणिका बारीक नळीवाटे दुखावलेल्या पेशीला देऊ शकतात, आणि ती पेशी सावरते. हे प्रयोगशाळेतले काम. रोग्यासाठी त्यातून अजून औषध झालेले नाही.

मग २०२४ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजातील जोडी रोझेनब्लाट यांच्या गटाने जुनी दोन्ही टोके जुळवली. स्नायू आवळले की नळीच्या अस्तरात चेंगराचेंगरी होते आणि जिवंत पेशी बाहेर फेकल्या जातात. झटका अस्तर सोलतो, आणि सोललेले अस्तर पुढच्या झटक्याला बोलावते. उंदरांत सालब्युटामॉलने नळी मोकळी झाली. पेशींची ही गळती मात्र थांबली नाही. २०२५ साली ह्याच गटाने, गर्दीत नेमकी कोणती पेशी बाहेर पडते, तेही सांगितले. जिची शक्ती कमी, ती. दाटीत पेशीत सोडियम शिरतो. सशक्त पेशी तो बाहेर उपसते. अशक्त पेशीला ते जमत नाही. ती आकसते आणि ढकलली जाते. जत्रेच्या रेट्यात जो आधीच दमलेला, त्याचाच पाय आधी सुटतो, तसे हे.

तुम्ही म्हणाल, एवढी पेशींची कथा ऐकून आमच्या पदरात काय पडले? पडले ते असे. झटक्याच्या वेळी स्नायू सैल करणारा पंप लागतोच. पण अस्तराचा दाह शमवणे हे त्याचे काम नव्हे. ते काम १९७२ पासून मिळू लागलेल्या, हुंगण्याच्या स्टिरॉइडचे. म्हणूनच २०१९ साली ‘जीना’ ह्या जागतिक तज्ज्ञमंडळाने सांगितले, की प्रौढांनी आणि मोठ्या मुलांनी नुसत्या तात्पुरत्या पंपावर दमा काढू नये. आपल्याकडे मात्र उलट होते. “पंपाची सवय लागते,” असे कोणीतरी सांगते, आणि चार दिवस बरे गेले की रोजचे औषध फडताळात जाते. धाप नसली तरी दाह आत धुमसत असू शकतो, हे ध्यानात राहत नाही.

तेव्हा डॉक्टरांना विचारल्यावाचून रोजचे औषध थांबवू नका. दमा श्वास अडवतो हे चरकांच्या वैद्यालाही दिसत होते. तो अस्तरही गाळतो, हे आपल्याला आज माहीत आहे. माहीत असून दुर्लक्ष केले, तर दोष अज्ञानाचा कसा म्हणायचा?